पहिली एक्झॉटिक स्पोर्ट्स कार घेताना: आधी वर्कशॉप बघा, मग शोरूम

शोरूमच्या दिव्यांखाली उभी असलेली फेरारी पाहून तिथल्या तिथे निर्णय घेण्याची चूक फक्त नवखेच करतात असे नाही, पण नवख्यांना ती जास्त महाग पडते. ज्यांना एक्झॉटिक म्हणतात त्या गाड्या मुळातच थोड्या बनतात. लॅम्बोर्गिनीच्या गायार्डो या मॉडेलचे उत्पादन २००३ ते २०१३ असे दहा वर्षे चालले आणि त्या काळात एकूण १४,०२२ गाड्या बनल्या. तोपर्यंत त्या कंपनीची दुसरी कोणतीही गाडी इतकी खपली नव्हती. रोजच्या वापरातली गाडी बनवणारा मोठा कारखाना हा आकडा काही आठवड्यांत गाठतो. गाड्या थोड्या असल्या की त्या उघडून पाहिलेले मेकॅनिकही थोडेच असतात, सुटे भाग मागवून घ्यावे लागतात आणि कुठल्याशा चांगल्या गॅरेजात नेऊन काम भागवण्याची सोय राहत नाही. म्हणून अशी गाडी घेणारा माणूस गाडीबरोबर एक वर्कशॉपही निवडत असतो, हे त्याला ठाऊक असो वा नसो. या लेखातल्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीभोवती रचलेल्या आहेत.

पहिली पायरी: गाडी पाहण्यापूर्वी खर्चाचा हिशोब

जुन्या एक्झॉटिक गाडीची किंमत वर्षांगणिक उतरते, पण तिच्या सुट्या भागांची आणि मजुरीची किंमत उतरत नाही. नवी असताना ती ज्या वर्गातली होती, त्याच वर्गाचा खर्च ती पंधरा वर्षांनंतरही मागते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण या गाड्यांसाठीच जन्माला आली असावी असे बिल हातात पडल्यावर वाटते.

हे नीट समजण्यासाठी फेरारीच्या एकामागून एक आलेल्या तीन गाड्या पाहा. १९९४ ते १९९९ या काळात बनलेल्या एफ३५५मध्ये टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणारे रबरी पट्टे, असतात आणि ते बदलायचे म्हणजे इंजिन त्याच्या सांगाड्यासकट गाडीखाली उतरवावे लागते. हे काम किलोमीटर मोजून नव्हे तर मुख्यतः वर्षे मोजून, साधारण ३ ते ५ वर्षांनी करायचे असते, कारण गाडी उभी असली तरी रबर म्हातारे होतच असते. काम टाळले आणि बेल्ट तुटला, तर उघडे राहिलेले व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन आतून निकामी होते. १९९९मध्ये आलेल्या ३६० मोडेनामध्येही बेल्टच आहेत, परंतु सीटमागची झडप काढली की तिथून ते बदलता येतात आणि इंजिन जागेवरच राहते. २००४च्या एफ४३०मध्ये बेल्ट जाऊन साखळी आली आणि हा ठरावीक खर्चच संपला. तिन्ही गाड्या एकाच घराण्यातल्या, तिन्हींत इंजिन चालकाच्या पाठीमागे, आणि दुरून पाहणाऱ्याला तिन्ही सारख्याच मोहक. पण मालकाच्या खिशाशी तिघींचे नाते अगदी वेगळे आहे. तेव्हा कोणती गाडी आवडते हे ठरल्यावर, त्या मॉडेलमधले मोठे ठरलेले काम कोणते आणि ते किती वर्षांनी येते, हा पहिला प्रश्न विचारावा.

माझा स्वतःचा ठोकताळा असा आहे की गाडीच्या किमतीच्या निदान एक दशांश एवढी रक्कम खरेदीनंतर हाताशी मोकळी असली पाहिजे, आणि दहा वर्षांहून जुन्या गाडीसाठी ती याहून बरीच जास्त असावी. ही रक्कम शिल्लक राहत नसेल तर एक पायरी खालची गाडी घ्यावी. सगळी पुंजी ओतून घेतलेली मोठी गाडी शेवटी आच्छादनाखाली उभी राहते.

विम्याची चौकशीही याच टप्प्यावर करावी. गाडी पूर्ण निकामी झाल्यास बाजारभावाने भरपाई देणारा विमा आणि आधीच ठरवून लिहिलेल्या रकमेची भरपाई देणारा विमा यांत मोठे अंतर असते, आणि थोड्या संख्येच्या गाड्यांसाठी दुसरा प्रकारच योग्य ठरतो. रेस ट्रॅकवर झालेले नुकसान बहुतेक विम्यांमधून वगळलेले असते, हेही वाचून घ्यावे. शिवाय पार्किंगच्या उताराचा कोन आणि जागेची रुंदी टेपने मोजावी. पुढचा ओठ जमिनीपासून वीतभरही उंच नसलेली गाडी घराच्या उतारावरच घासते, हे खरेदीनंतर कळलेले बरे नव्हे.

दुसरी पायरी: नवी की वापरलेली

नवी एक्झॉटिक गाडी घेणे म्हणजे पैसे मोजून किल्ली घेणे, अशी नवख्याची समजूत असते. नेहमीच्या मॉडेलसाठीही महिनोन्‌महिने थांबावे लागते आणि मोजक्या संख्येच्या आवृत्त्या तर डीलर आपल्या जुन्या, ओळखीच्या ग्राहकांनाच देऊ करतो. यात चिडण्यासारखे काही नाही. डीलरला कारखान्याकडून मिळणाऱ्या गाड्याच मोजक्या असतात. पहिल्याच भेटीत दुर्मीळ आवृत्ती मिळवून देतो असे कोणी म्हणाले तर ती गाडी कोणत्या वाटेने येणार आहे हे विचारावे.

करार वाचताना पुनर्विक्रीचे कलम शोधावे. फोर्डने २०१६मध्ये जीटी या गाडीसाठी खरेदीदारांकडून अर्ज मागवून निवड केली होती आणि निवडलेल्या ग्राहकाने ती २४ महिने विकू नये अशी अट घातली होती. जॉन सीना या प्रसिद्ध कुस्तीपटूने ती लवकरच विकल्यावर कंपनीने २०१७मध्ये त्याच्यावर दावा लावला आणि पुढच्या वर्षी तो तडजोडीने मिटला. अशी अट असली तर ती मोडण्याची वेळ आपल्यावर येणार नाही एवढी आर्थिक मोकळीक आपल्याकडे आहे का, हे सही करण्याआधी पाहायला हवे.

नव्या गाडीचे जास्तीचे पर्याय निवडताना डीलर पोर्शेचे पेंट टू सँपल, लॅम्बोर्गिनीचे अ‍ॅड पर्सोनम, फेरारीचे टेलर मेड असे मागणीप्रमाणे रंग आणि सजावट करून देणाऱ्या विभागांचे दालन उघडून बसवतो आणि तिथे हात सैल सुटतो. माझे मत विचाराल तर पुढचा भाग उचलणारी नोज लिफ्ट ही पहिली निवड, आणि शिलाईच्या दोऱ्याचा रंग ही शेवटची. नोज लिफ्ट नंतर बसवून घेणे जवळजवळ अशक्य असते आणि गाडी पुन्हा विकताना पुढचा ग्राहक ती आहे का हे हमखास विचारतो.

नवख्या माणसाने पहिली गाडी म्हणून, शक्यतो तीन ते सहा वर्षे वापरलेली आणि कंपनीच्या अधिकृत योजनेतून तपासून विकली जाणारी गाडी घ्यावी असे मी सुचवीन. फेरारी अ‍ॅप्रूव्ह्ड, लॅम्बोर्गिनी सेलेत्सिओने, पोर्शे अ‍ॅप्रूव्ह्ड अशी त्या योजनांची नावे आहेत. पोर्शेच्या योजनेत १११ मुद्द्यांची तपासणी होते. फेरारीने गेल्या दशकाच्या सुरुवातीपासून नव्या गाड्यांना सात वर्षांची ठरलेली सर्व्हिस किमतीतच धरून दिली आहे, दर वर्षी किंवा दर २०,००० किलोमीटरला, आणि गाडी विकली गेली तरी ती सोय नव्या मालकाकडे जाते. चार वर्षांची अशी गाडी घेणाऱ्याला उरलेली वर्षे आपोआप मिळतात. मात्र यात ठरलेली सर्व्हिस येते, दुरुस्ती येत नाही. तसेच अधिकृत वॉरंटीतूनही क्लच, ब्रेक, टायर यांसारखे झिजणारे भाग सहसा वगळलेले असतात, आणि या गाड्यांत नेमका खर्च तिथेच असतो. वॉरंटीचे कागद हातात आल्यावर काय समाविष्ट आहे ते वाचण्याआधी काय वगळले आहे ते वाचावे.

तिसरी पायरी: डीलरची पारख

डीलरकडे गेल्यावर गाडी दाखवण्याआधी वर्कशॉप दाखवा असे सांगावे. चांगल्या डीलरला या मागणीचा आनंद होतो. तिथे किती लिफ्ट आहेत यापेक्षा त्यांवर कोणत्या गाड्या चढवलेल्या आहेत ते पाहावे. सगळ्या गाड्या गेल्या तीन वर्षांतल्याच असतील आणि आपण घेणार असलेली गाडी पंधरा वर्षांपूर्वीची असेल, तर त्या पिढीवर हात बसलेला माणूस तिथे उरलेला नसण्याची शक्यता असते. कॉम्प्युटरने चालणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत माणसांइतकीच उपकरणेही जुनी होतात. मॅक्लारेनची एफ१ ही १९९०च्या दशकातली गाडी घ्या. १०६ गाड्यांच्या त्या छोट्या कुटुंबाची देखभाल पुढे कितीतरी वर्षे त्या काळच्या एका कॉम्पॅक लॅपटॉपवर अवलंबून होती, कारण गाडीशी बोलणारे कार्ड त्यालाच जोडता येत असे. तुमची गाडी इतकी दुर्मीळ नसेल, पण तिच्या पिढीचे, कॉम्प्युटरमधून बिघाड वाचणारे निदान-उपकरण या वर्कशॉपमध्ये चालू स्थितीत आहे का, हा प्रश्न तितकाच खरा आहे.

सर्व्हिस विभागाच्या प्रमुखाला भेटल्याशिवाय परत येऊ नये. त्याला एकच प्रश्न विचारावा: या मॉडेलमध्ये सगळ्यात जास्त काय बिघडते? जाणकार माणूस क्षणभरही न थांबता दोन-तीन गोष्टी सांगतो, त्यांची लक्षणे सांगतो, आणि कोणत्या वर्षापासून कारखान्याने तो भाग बदलला हेही सांगतो. काहीच बिघडत नाही, असे उत्तर मिळाले तर चहा संपवून निघावे. त्याखेरीज सर्व्हिसची तारीख किती दिवसांनी मिळते, गाडी बंद पडल्यास आणायला बंदिस्त ट्रक आहे का, आणि एखाद्या ठरावीक कामाचे किती तास लावले जातात, एवढे समजले की डीलरचा बहुतेक अंदाज येतो.

कंपनीचा परवाना नसलेल्या स्वतंत्र डीलरकडेही उत्तम गाड्या असतात, पण त्यांतल्या बऱ्याच गाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या असून डीलर त्या कमिशनवर विकत असतो. अशा वेळी मालकी कोणाच्या नावावर आहे, गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, आणि विक्रीनंतर दोष निघाला तर जबाबदार कोण, या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत.

चौथी पायरी: कागद

सर्व्हिस बुकातल्या शिक्क्यांपेक्षा बिले जास्त बोलतात. शिक्का एवढेच सांगतो की गाडी आली होती. बिल सांगते की कोणता भाग बदलला, तेव्हा गाडी किती किलोमीटर चालली होती आणि मेकॅनिकने पुढच्या वेळेसाठी काय लिहून ठेवले होते. मालकाने नको म्हटलेल्या कामांची नोंद अनेक वर्कशॉप बिलाच्या तळाशी करतात. खरेदीदारासाठी त्या ओळी सोन्याच्या असतात.

बिले तारखेप्रमाणे लावून त्यांवरचे किलोमीटर एका कागदावर उतरवावेत. आकडा कुठे मागे गेला आहे का, दोन सर्व्हिसमध्ये तीन-चार वर्षांची पोकळी आहे का, हे लगेच दिसते. गाडीचा १७ अक्षरी चेसिस क्रमांक बिलांवर, काचेखाली आणि दाराच्या पट्टीवर एकच आहे का ते स्वतः वाचून पाहावे. त्याच क्रमांकावरून अधिकृत डीलर रिकॉलची, म्हणजे दोषामुळे कारखान्याने गाड्या परत बोलावून करून दिलेली, कामे झाली आहेत का ते सांगू शकतो, आणि ही गोष्ट औपचारिकता म्हणून सोडून देण्यासारखी नाही. फेरारीच्या ४५८ इटालियाला २०१०मध्ये आगी लागण्याचे प्रकार घडले. मागच्या चाकाच्या कमानीत उष्णतेपासून बचाव करणारे पत्रे ज्या गोंदाने चिकटवले होते तो गोंद तापून पेट घेत होता, म्हणून कंपनीने गाड्या परत बोलावून ते पत्रे पक्के ठोकून दिले. अ‍ॅस्टन मार्टिनने २०१४मध्ये १७,५९० गाड्या परत बोलावल्या, कारण अ‍ॅक्सिलरेटर पेडलच्या दांड्यासाठी वापरलेले प्लॅस्टिक बनावट निघाले होते. असे काम राहून गेलेली गाडी आजही बाजारात येऊ शकते.

कमी किलोमीटरच्या मोहाबद्दल इथेच सांगतो. बारा वर्षांत जेमतेम ९,००० किलोमीटर धावलेली एक गाडी मी एकदा पाहायला गेलो होतो. बाहेरून ती इतकी निर्मळ होती की बोट लावायला संकोच वाटावा. डीलरचा माणूस आकडा पुन्हा पुन्हा दाखवत होता. मी वाकून टायरच्या बाजूला कोरलेले चार अंक वाचले तेव्हा ते टायर गाडीइतकेच जुने निघाले. मग सेल मारला. इंजिन दुसऱ्या प्रयत्नात सुरू झाले आणि काही मिनिटांत मागच्या बाजूने गोडसर वास येऊ लागला. तो कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा होता. वापराअभावी सुकलेले रबरी सील गरम होताच पाझरायला लागले होते. त्यानंतर मी ३५,००० किलोमीटर धावलेली, दर वर्षीचे बिल असलेली गाडी घेतली, आणि त्या निवडीचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष तपासणी

विकणाऱ्या डीलरची तपासणी कितीही सविस्तर असली तरी एक तपासणी तिसऱ्या, त्या व्यवहारात हितसंबंध नसलेल्या जाणकाराकडून करून घ्यावी आणि तिचा खर्च स्वतः उचलावा. डीलरने याला नकार दिला तर नकाराचे कारण शोधत बसू नये, दुसरी गाडी शोधावी. तरीही खरेदीदाराने स्वतः काय पाहायचे हे ठाऊक असले की जाणकाराचा अहवाल वाचताना त्याचा अर्थ लागतो.

तपासणीच्या दिवशी इंजिन थंड ठेवायला आधीच सांगावे आणि गेल्याबरोबर त्यावर हात ठेवून खात्री करावी. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन आपले दुखणे लपवते. थंड इंजिन पहिल्या अर्ध्या मिनिटात धुराच्या रंगाने आणि साखळीच्या खडखडाटाने बरेच काही सांगून जाते. टायरवरचे चार अंक वाचायला शिकावे: २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसत असली तरी सहा वर्षांहून जुने टायर अशा वेगाच्या गाडीवर मी ठेवणार नाही, आणि तो खर्च सौद्यात धरीन. टायरवर कारखान्याची खूणही असते, जसे पोर्शेसाठी एन, फेरारीसाठी के१, मॅक्लारेनसाठी एमसी. ती खूण नसलेले किंवा चार वेगवेगळ्या जातींचे टायर दिसले, तर मालकाने आणखी कुठे कुठे काटकसर केली असेल हा विचार मनात यायलाच हवा.

रंगाची जाडी मोजणारे उपकरण बहुतेक तपासनिसांकडे असते. कारखान्यातला रंग साधारणपणे १०० ते १८० मायक्रॉनच्या दरम्यान भरतो. एकाच दारावर अचानक ३०० दिसले तर तो भाग पुन्हा रंगवलेला आहे. पण या गाड्यांत एक मेख आहे. लोखंडी पत्र्यासाठीचे साधे उपकरण अ‍ॅल्युमिनियमवर चालत नाही, आणि कार्बन फायबरवर तर अल्ट्रासोनिक प्रकारचेच लागते. तेव्हा तपासनिसाने कोणते उपकरण आणले आहे हे विचारावे. एखादा भाग पुन्हा रंगवलेला असणे हा स्वतःहून दोष नव्हे. खडे लागून बंपर खराब होतोच. प्रश्न असतो तो आतल्या सांगाड्याचा, म्हणून खालची झाकणे काढून गाडी लिफ्टवर पाहिल्याशिवाय होकार देऊ नये. कार्बनच्या सांगाड्याला तडा गेला असेल तर ती दुरुस्ती गल्लीतल्या डेंटिंगवाल्याची राहत नाही.

गिअरबॉक्सचा प्रकार नीट समजून घेणे नवख्यासाठी सगळ्यात महत्त्वाचे आहे असे मला वाटते. फेरारीने १९९७मध्ये एफ३५५मध्ये आणलेला एफ१ गिअरबॉक्स किंवा लॅम्बोर्गिनीचा ई-गिअर हे मुळात साधे मॅन्युअल गिअरबॉक्स आहेत. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम हातापायांऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा पंप करतो. त्यांचा क्लच वाहतुकीत सरपटताना आणि चढावर मागे घेताना झपाट्याने झिजतो. किती झिजला आहे हे निदान-उपकरणाने टक्क्यांत वाचता येते, आणि तो आकडा छापून घेतल्याशिवाय अशी गाडी घेऊ नये. पुढच्या पिढीत, म्हणजे फेरारी ४५८ किंवा २०१४च्या लॅम्बोर्गिनी हुराकानमध्ये, तेलात बुडालेले दोन क्लच आले आणि हे दुखणे बरेचसे संपले. मात्र तिथे गिअरबॉक्स बिघडलाच तर बिल मोठे येते, म्हणून त्या गाड्यांसाठी वाढीव वॉरंटीला खरी किंमत आहे.

इंजिनाचा कॉम्प्युटरही साक्ष देतो. पोर्शेमध्ये इंजिन आपल्या मर्यादेबाहेर किती वेळा आणि कोणत्या टप्प्यापर्यंत फिरले, आणि शेवटचे तसे कधी झाले, याची नोंद राहते. खालच्या टप्प्यांतल्या नोंदी म्हणजे जोमाने चालवणे. सगळ्यात वरच्या टप्प्यांतली नोंद मॅन्युअल गाडीत सहसा एकाच कारणाने होते, ते म्हणजे वेगात असताना चुकीचा खालचा गिअर पडणे. कार्बन-सिरॅमिक ब्रेक असतील तर डिस्कची झीज जाडीपेक्षा वजनावरून ठरते आणि किमान वजन डिस्कवरच कोरलेले असते. चाक काढता-बसवताना ते डिस्कच्या कडेवर आपटले तर टवका उडतो आणि त्या टवक्यापायी डिस्क बदलावी लागू शकते. कडेवरून नखाने नव्हे, तर विजेरी लावून नजर फिरवावी.

प्रत्येक मॉडेलची स्वतःची एखादी खोड असते. २०११च्या मॅक्लारेन एमपी४-१२सीमध्ये सस्पेन्शनमधले, दाब साठवणारे अ‍ॅक्युम्युलेटर दमतात आणि गाडी कडक उड्या मारू लागते. १९९० आणि २०००च्या दशकांतल्या फेरारींमध्ये डॅशबोर्डच्या बटणांवरचा मऊ लेप काही वर्षांनी वितळल्यासारखा चिकट होतो. बटण दाबले की बोटाला काळे लागते आणि बोटाचा ठसा बटणावर राहतो. गाडी त्याने बंद पडत नाही, पण सगळी बटणे काढून साफ करून बसवण्याचे काम किचकट असते, आणि भाव कमी करून घ्यायला ते उपयोगी पडते.

सहावी पायरी: सौदा

विसार देताना पावतीवर एक वाक्य लिहून घ्यावे की स्वतंत्र तपासणीत दोष निघाल्यास तो पूर्ण परत मिळेल. दोन्ही किल्ल्या, बॅटरीचा चार्जर, चाकाच्या नटांची विशेष चावी, हत्यारांची पिशवी आणि मूळ पुस्तके यांची यादी करारात असावी. यांतली एकेक वस्तू नंतर मागवायची म्हटली तर चकित करणारी किंमत सांगितली जाते. भावात घासाघीस करण्यापेक्षा जवळ आलेली मोठी सर्व्हिस, नवे टायर किंवा वर्षभराची जास्तीची वॉरंटी मागितली, तर डीलर अधिक सहज मान डोलावतो, कारण ते काम त्याच्याच वर्कशॉपमध्ये त्याला कमी खर्चात पडते.

सातवी पायरी: घरी आणल्यावर

पहिल्याच दिवशी बॅटरीला चार्जर लावायची जागा करावी. या गाड्यांतली विजेची यंत्रणा उभ्या गाडीतही थोडी थोडी वीज खात असते आणि दोन-तीन आठवड्यांत बॅटरी बसू शकते. बऱ्याच पोर्शे ९११ गाड्यांत तर बॅटरी पुढच्या डिकीत असते आणि ती डिकी विजेनेच उघडते. बॅटरी पूर्ण बसली की फ्यूजच्या डब्यातून बाहेर ओढता येणाऱ्या टोकाला दुसऱ्या बॅटरीचा प्रवाह देऊन आधी डिकी उघडावी लागते. ही युक्ती रात्री रस्त्यात शोधण्यापेक्षा आजच मॅन्युअलमधून वाचून ठेवावी. लिथियम बॅटरी असेल तर तिच्यासाठीचाच चार्जर वापरावा.

गाडी सुरू करून उभ्या उभ्या गरम करत बसू नये आणि लगेच पिळूही नये. हलक्या पायाने निघावे आणि कूलंटचा नव्हे तर तेलाच्या तापमानाचा काटा वर येईपर्यंत तसेच चालवावे. तेल पाण्यापेक्षा उशिरा तापते. तेलाची पातळी पाहण्याची रीतही निराळी असते. ड्राय सम्प असलेल्या गाड्यांत तेल वेगळ्या टाकीत राहते आणि पातळी बहुधा इंजिन गरम असताना आणि चालू ठेवूनच पाहायची असते. थंड गाडीत काडी बुडवून, तेल कमी आहे असे समजून वरून तेल ओतणारे नवे मालक अनेक आहेत, आणि जास्त झालेले तेल हवेच्या नळ्यांत शिरून धूर काढते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून गाडी धावो वा न धावो, ते दोन वर्षांनी बदलावे. वार्षिक सर्व्हिस किलोमीटर पुरे झाले नाहीत म्हणून पुढे ढकलू नये. एक वर्ष चुकले तरी अधिकृत वॉरंटी आणि पुनर्विक्रीची किंमत दोन्ही धोक्यात येतात. टायरमधली हवा थंड असताना महिन्यातून एकदा मोजावी. धुतल्यावर गाडी ओल्या ब्रेकसह उभी न करता थोडी फिरवून, दोन-चारदा ब्रेक दाबून मग आत घ्यावी.

एफ१ गिअरबॉक्स किंवा ई-गिअरसारखी सिंगल क्लचची गाडी असेल तर सिग्नलला न्यूट्रल करावी आणि उलट्या चढावर मागे घेण्याची वेळच येणार नाही अशी लावावी. महिन्यातून दोनदा तरी निदान अर्धा-पाऊण तास, इंजिन पूर्ण तापेल इतकी चालवावी. पाच मिनिटे सुरू करून बंद केलेली गाडी न चालवलेल्या गाडीपेक्षा वाईट, कारण सायलेन्सरमध्ये आणि तेलात साचलेले पाणी तेवढ्या वेळात उडून जात नाही.

वॉरंटी संपल्यावर अधिकृत डीलरकडेच राहायचे की त्याच मॉडेलवर आयुष्य काढलेल्या स्वतंत्र जाणकाराकडे जायचे, हा प्रश्न पाच-सात वर्षांनी येतो. दहा वर्षांच्या आतली गाडी अधिकृत डीलरकडे ठेवावी, कारण तिच्या पुढच्या खरेदीदाराला तोच शिक्का हवा असतो. त्याहून जुन्या गाडीसाठी तो खरेदीदार शिक्क्यापेक्षा काम करणाऱ्या हातांचे नाव विचारतो. कोणाकडेही गेलात तरी बदललेले जुने भाग पाहायला मागावेत आणि बिलावर तारीख, किलोमीटर व भागाचा क्रमांक लिहून घ्यावा. बेल्ट किंवा क्लचसारखे मोठे काम वर्षभरावर आले असताना गाडी बदलायची असेल, तर आधी त्या कामाचा लेखी अंदाज घ्यावा. डीलर जुनी गाडी परत घेताना ती रक्कम पूर्णच्या पूर्ण वजा करतो, बहुधा वर थोडी जास्तच. लेखी अंदाज हातात असला की निदान ती वरची थोडी रक्कम तरी वाचते.